ऑफसेट न चालणारा कावळा

हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. मी क्लायमेट आंदोलनातली मुलगी. आत्मा, पिंड, कावळा... सगळं थोतांड आहे, असं माइकवरून ओरडून सांगणारी. आणि तरीही नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या एका घराच्या मागच्या अंगणात, भर दुपारी, जे झालं ते झालं!

माझ्या घरमालकीण सुधाकाकू हवामानशास्त्रज्ञ होत्या. आयुष्यभर बैठका-परिषदांमधून पुराचे इशारे देत राहिल्या. ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं नाही, तो राग वेगळा. मागच्या महिन्यात त्यांचा दहावा झाला. काकूंनी स्वतः असलं काही कधी मानलं नाही. पण काकांचा हट्ट — कावळा शिवल्याशिवाय जेवणार नाही. काकांना डायबेटिस, सकाळपासून उपाशी, ओठ पांढरे पडलेले. आणि कावळा शेडच्या छपरावर बसून नुसता बघतोय!

"तिचं काहीतरी राहिलंय," काका म्हणाले. "रोहन, आईला वचन दे."

रोहन त्यांचा मुलगा, इथेच वाढलेला. "आई, आय प्रॉमिस, विमानाने फिरणार नाही."

कावळा कुंपणावर आला. आम्ही श्वास रोखले.

"म्हणजे... फिरेन, पण ऑफसेट घेईन. धुराच्या बदल्यात झाडं लावायला पैसे भरेन."

कावळ्याने पाठ फिरवली.

"ऑफसेट!" मी उसळले. "अरे, हीच तर फसवणूक आहे!" आणि पुढे होऊन कावळ्याला अख्खं पत्रक ऐकवलं — तेल कंपन्यांची सबसिडी बंद करू, सरकारला जाब विचारू, रस्ते अडवू!

कावळा पंख साफ करत बसला.

"अगं, त्याला मतदानाचा हक्क नाहीये इथे," म्हणत काका खुर्चीत टेकले. रोहनने साखर पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली.

तेवढ्यात कावळा उडाला तो थेट गवतातल्या पर्जन्यमापकावर. काठोकाठ भरला होता तो.

"सकाळचं माप..." काकांचा आवाज चिरकला. "पाऊस मोजल्याशिवाय चहा घ्यायची नाही ती. दवाखान्यात गेली, तेव्हापासून कुणी बघितलंच नाही गं."

रोहन राहतो रॉटरडॅमला. काकांना वाकता येत नाही. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. कावळाही.

"बरं, मी घेईन. रोज. शनिवार-रविवार सोडून."

कावळा ढिम्म.

"पाऊस काय वीकेंड पाळतो?" काका म्हणाले.

"बरं बाबा, रविवारीसुद्धा!"

सरळ पिंडावर झेप! काका आधी रडले, मग दोनदा भात मागून घेतला.

योगायोग म्हणा. कावळ्याला भूक लागली असेल म्हणा. मीही स्वतःला तेच सांगत होते. पण गेल्या रविवारी मी पांघरूण ओढून पडून राहिले, तर खिडकीच्या काचेवर टक्... टक्... कोण होतं ते मी पाहिलं नाही. गुपचूप रेनकोट चढवून खाली गेले.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. पाऊस चार मिलिमीटर होता.