चाकापुढचा दगड

आमच्या शेजाऱ्याचा जुना ट्रॅक्टर न्यूट्रलमध्येही हळूहळू पुढे सरकतो. म्हसावदच्या मिस्त्रीने मागची चाकं जॅकवर उचलून पाहिली, तर न्यूट्रलमध्येही ती फिरतच राहिली. आतलं बेअरिंग जाम झालंय, गिअरबॉक्स खोलावा लागेल, असं त्याने सांगितलं. शेजारी म्हणाला, "चाली ऱ्हायना ना? मंग?" म्हणजे, चालतोय ना, मग खोलायचा कशाला?

हे 'मंग?' त्याच्या प्रत्येक बोलण्याच्या शेपटाला असतं. मिस्त्रीने जॅक काढून घेतला.

बॅटरी उतरलेली, म्हणून तो इंजिन बंद करत नाही. ट्रॉली जोडायला उतरायचं असलं की ब्रेकवर पाय दाबून नुसतं म्हणतो, "ए, दगड." बायको पिठाच्या हातांनी धावत येते आणि चाकापुढे दगड लावते. तो उतरतो, गळ्यातल्या रुमालाने बॉनेट पुसतो. एकदा दगडाखाली तिचं बोट चेंगरलं, तर म्हणाला, "ध्यान कोठे व्हतं?"

परवा तिची आई वारली. ती विसरवाडीला माहेरी गेली. काल सकाळी त्याने ब्रेकवर पाय दाबून, ट्रॅक्टरवर बसूनच तिला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मी कुंपणाशी धुणं वाळत घालत होते. तिकडून बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

"दगड कोठे ठेयेल शे?" त्याने विचारलं.

"तुळशीजोडे," ती म्हणाली.

त्याने फोन ठेवला. तुळशीजवळच्या दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी," तो म्हणाला, "ती तं नही शे. मंग?"