अकरा म्हणजे किती?

मिसरोदच्या आमच्या साइटवर टॉवर क्रेनच्या पायथ्याशी एक पिवळी पाटी होती: ‘हवा ३६ से ऊपर, काम बंद’. छत्तीस काय, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. कुणाला त्याची गरजही वाटली नव्हती. क्रेनच्या माथ्यावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र होतं. तीन छोट्या वाट्या वाऱ्याने गरगर फिरतात आणि त्या किती जोरात फिरतात त्यावरून वेग कळतो. साइटवर सगळे त्याला चकरी म्हणत. चकरीचा आकडा वर ऑपरेटरच्या केबिनमध्ये दिसे आणि खाली आमच्या ऑफिसमध्येही. तो ताशी किलोमीटरमध्ये असे. छत्तीस झाले की क्रेन थांबवायची, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

मी त्या साइटची सेफ्टी ऑफिसर. माझे आजोबा नागपूरहून सरकारी ऑफिसाबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. वडिलांनी अवधपुरीजवळच्या मोठ्या कारखान्यात सुटे भाग मोजून तपासण्यात आयुष्य काढलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, अशी मी वाढले. डोक्यावर हेल्मेट घालून पुरुषांना ‘थांबा’ म्हणायची नोकरी मी स्वतः निवडली. ‘थांबा’ म्हणणारी बाई कुणालाच आवडत नाही, हे मला पहिल्याच साइटवर कळलं होतं. तरी मी म्हणत राहिले.

त्या वर्षी मे महिन्यात मी भाचीच्या लग्नाला आठवडाभर नागपूरला गेले. परत आले त्या सकाळी ऑफिसमधल्या पडद्यावर सात हा आकडा दिसला. बाहेर मात्र हिरवी जाळी फडफड करत होती, सिमेंटची धूळ उडत होती, आणि फाटकापासून चालत येताना मला दोनदा ओढणी सावरावी लागली होती. ताशी सात किलोमीटरच्या वाऱ्यात झाडाची पानं जेमतेम हलतात. मला काही पटेना.

माझ्या बॅगेत हातात धरायचं वाऱ्याचं छोटं मीटर असतं, एवढासा पंखा बसवलेलं. मी सातव्या मजल्याच्या स्लॅबवर गेले, हात उंच करून ते धरलं. ताशी चोवीस किलोमीटर. खाली येऊन पडदा नीट पुसला. कोपऱ्यात, धुळीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: मीटर प्रति सेकंद.

मी रजेवर असताना जुन्या चकरीचं बेअरिंग गेलं होतं. दुसरी बसवली गेली, ती सेकंदाला किती मीटर ते सांगणारी होती. एका सेकंदात एक मीटर जाणारा वारा तासाभरात साडेतीन किलोमीटरहून थोडा जास्त, म्हणजे तीन पूर्णांक सहा किलोमीटर जातो. म्हणून सातला तीन पूर्णांक सहाने गुणायचं. पंचवीस झाले. आणि छत्तीसची आमची मर्यादा या नव्या पडद्यावर दहालाच संपत होती. गेले चार दिवस ऑपरेटर, फोरमन, सगळे त्या पडद्यावर छत्तीस यायची वाट बघत क्रेन चालवत होते. पडद्यावर छत्तीस आला असता तर वारा ताशी एकशे तीस किलोमीटर असता. मग क्रेनही उभी राहिली नसती आणि आम्हीही.

मी तडक प्रोजेक्ट मॅनेजरकडे गेले. साहेब अनुभवी होते. वीस वर्षं इमारती उभ्या केल्याचं ते दिवसातून एकदा तरी सांगत. मी हिशेब मांडला. त्यांनी मोबाइलवरून मान वर केली नाही.

“मॅडम, नवीन मीटर आहे. कंपनीने बसवलंय. तुम्ही आल्या आल्या त्यात खोट काढू नका.”

“मीटरमध्ये खोट नाही सर. पाटीत आहे.”

“स्लॅब होऊ दे. मग बघू.”

मग बघू म्हणजे कधीच नाही, हे मला माहीत होतं. मी पेंटरकडून लाल रंगाचा डबा आणि ब्रश मागून घेतला आणि भर उन्हात उभी राहून पाटीवर स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘३६ किलोमीटर प्रति घंटा = १० मीटर प्रति सेकंड’. अक्षर वाकडं आलं, ओघळलंही. साहेबांनी खिडकीतून पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहून ब्रश डब्यात बुडवला आणि ओळीखाली रेघ ओढली. मग वॉकीटॉकीवर ऑपरेटरला सांगितलं, “भैया, आजपासून छत्तीस विसरा. दहा लक्षात ठेवा.”

ऑपरेटर छत्तीसगडचा, चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, “तभी मैं सोचूँ मैडम, चार दिन से केबिन इतना क्यों हिल रहा है.”

दुपारी तीनच्या सुमारास मंडीदीपच्या बाजूने आभाळ पिवळं होत आलं. मे महिन्यातली आंधी इथे अशीच येते, आधी रंग आणि मग धूळ. स्लॅबसाठी काँक्रीटचा ट्रक फाटकात उभा होता. क्रेनच्या हुकाला भिंतीच्या साच्याचा एक मोठा पत्रा लटकत होता, दोन माणसं उंच आणि चार माणसं रुंद. असा पत्रा वाऱ्यात शिडासारखा वागतो. मी ऑफिसच्या दारात उभी होते; आत पडद्यावर नऊ झाले, मग दहा. वर तो पत्रा स्वतःभोवती फिरायला लागला. त्याला बांधलेला दोर धरून दोघं मजूर मागे झुकले होते, तरी त्यांचे बूट घसरत होते.

पडद्यावर अकरा आले.

मी वॉकीटॉकी उचलला. “भैया, पत्रा खाली घ्या. जिथे मोकळी जागा आहे तिथे. काम बंद.”

साहेब माझ्या मागेच उभे होते. त्यांच्या हातातही वॉकीटॉकी होता. “नीचे नहीं लेना. ऊपर सेट करो. ग्यारह है, छत्तीस तक चलता है.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ट्रक उभा आहे. काँक्रीट वाया गेलं तर तुम्ही जबाबदार.”

“घेते जबाबदारी. अकरा म्हणजे ताशी चाळीस किलोमीटर आहेत सर.”

“इथे पडद्यावर लिहिलंय का चाळीस?”

“तुम्हाला वाचायचंच नसेल तर कुठेही लिहून उपयोग नाही.”

हे मी सगळ्यांसमोर बोलले. फोरमन, स्टोअरचा माणूस, ट्रकचा ड्रायव्हर, सगळे ऐकत होते. साहेबांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. तेवढ्यात वरून आवाज आला, “मैडम, साहब कुछ और बोल रहे हैं. किसकी सुनूँ?”

त्या माणसाची नोकरी माझ्या एका वाक्यावर होती, आणि माझीही. मी म्हटलं, “केबिन हिलतंय का?”

“हाँ.”

“मग त्याचं ऐका. पत्रा खाली, हुक वर, ब्रेक मोकळा सोडा आणि लगेच उतरा.”

ब्रेक मोकळा सोडला की क्रेनचा लांब हात वाऱ्याबरोबर वळतो, त्याच्याशी झुंजत नाही. वाऱ्याला आडवं उभं राहायचं काम माणसांनी करायचं नसतं, क्रेननेही नाही. साहेब वॉकीटॉकीत ओरडत राहिले. वरून उत्तर आलं नाही. पत्रा हळूहळू खाली आला, वाळूच्या ढिगाजवळ टेकला, आणि दोर धरलेले दोघंही तिथेच मटकन बसले. मग शिडीवरून ऑपरेटर उतरताना दिसला, एक एक पाय मोजून टाकत. तो जमिनीवर आला तेव्हा धुळीने समोरची इमारत दिसेनाशी झाली होती.

पडद्यावर चौदा झाले, सतरा झाले, एकदा एकोणीस झाले. एकोणीस म्हणजे ताशी जवळजवळ सत्तर किलोमीटर. क्रेनचा हात आपोआप फिरून वाऱ्याच्या दिशेने वळला. अर्ध्या तासाने सगळं शांत झालं. मजुरांच्या खोल्यांवरचे दोन पत्रे उडाले होते. बाकी काही झालं नाही.

आणि तेच माझ्या विरोधात गेलं. काही पडलं असतं, कुणाला लागलं असतं, तर सगळे म्हणाले असते की बाईंचं बरोबर होतं. काहीच झालं नाही, तेव्हा प्रश्न उरला तो एवढाच, की काम का थांबवलं. ट्रक परत गेला, स्लॅब पुढे ढकलला गेला. तिसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली. अधिकार नसताना काम बंद पाडलं, वरिष्ठांशी उद्धटपणे बोलले, पाटी विद्रूप केली. सात दिवसांत लेखी माफी द्यावी.

संध्याकाळी वडिलांनी नोटीस दोनदा वाचली. चष्मा काढून म्हणाले, “दे लिहून माफी. शब्दच तर आहेत. नोकरी राहील.”

मला धक्का बसला. लहानपणी गणिताच्या वहीत नुसतं ‘बारा’ लिहिलं तर ‘बारा काय, केळी?’ असं विचारून पान परत करायला लावणारा हा माणूस.

“बाबा, मी चुकले असं वाटतं तुम्हाला?”

“चुकली नाहीस. पण बरोबर असण्याचे पैसे कुणी देत नाही, बाळा. मी तीस वर्षं मान खाली घालून काढली, म्हणून तुम्ही शिकलात.”

“मला नाही घालायची.”

रात्री जेवण झाल्यावर मी पानभर उत्तर लिहिलं. त्यात माफी नव्हती. काय दिसलं, काय मोजलं, काय सांगितलं, तेवढंच क्रमाने होतं. शेवटी लिहिलं की पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा काम थांबवीन. सकाळी उठले तर तो कागद वडिलांच्या हातात होता आणि खिशातलं पेन बाहेर आलेलं.

“तिसऱ्या ओळीत नुसतं ‘अकरा’ लिहिलंयस,” ते म्हणाले. “पुढे मीटर प्रति सेकंद लिही. असं अर्धवट पत्र देऊ नकोस त्यांना.”

पुढच्या आठवड्यात शाहपुऱ्याच्या हेड ऑफिसमध्ये मला बोलावलं. मोठे साहेब, आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, आणि कागद धरून बसलेली एचआरची मुलगी. मोठे साहेब म्हणाले, “दहा, छत्तीस, या भानगडीत मला पडायचं नाही. तुम्ही सिनिअरचं ऐकलं नाही, हा मुद्दा आहे.”

कोपऱ्यात स्टँडचा पंखा सुरू होता. मी न विचारता उठले, माझं छोटं मीटर त्याच्यासमोर धरलं आणि म्हटलं, “सर, वाचा.”

“अठरा.”

मी बटण दाबलं. “आता?”

“पाच.”

“पंखा मी कमी केला का?”

मी पुन्हा बटण दाबलं. “आता?”

“नऊ पूर्णांक सात. हे काय आहे?”

“नॉट. जहाजांवर आणि विमानतळावर चालतं ते माप. वारा तोच आहे सर. एकाच पंख्याचे तीन आकडे. यातला कोणता आकडा घेऊन तुम्ही माणसाला वर पाठवणार, तोच मुद्दा आहे. दुसरा नाही.”

एचआरच्या मुलीने लिहिणं थांबवून पंख्याकडे पाहिलं. मोठ्या साहेबांनी मीटर माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः दोनदा बटण दाबून पाहिलं. मग मॅनेजरसाहेबांना विचारलं, “चार दिवस चाललं हे?” ते टेबलाकडे बघत होते.

आठवड्याभरात सगळ्या साइटवरचे पडदे ताशी किलोमीटरवर आणले गेले आणि पाट्या नव्याने रंगवल्या, एककासकट. माझी नोटीस मात्र मागे घेतली नाही. ‘भाषेबद्दल खेद’ एवढी एक ओळ द्या, फाइल बंद करू, असं मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. त्या वर्षी माझी बढती राहिली. ती का राहिली, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्याच साइटवर, त्याच साहेबांच्या हाताखाली मी आणखी सव्वा वर्ष काढलं. ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. पण रोज सकाळी क्रेनचं परमिट माझ्या सहीसाठी येई, आणि वाऱ्याच्या रकान्यात मी आकड्यापुढे पूर्ण ‘किलोमीटर प्रति घंटा’ लिहिल्याशिवाय सही करत नसे. त्यांना वाट बघावी लागे. मी सावकाश लिही.

ऑपरेटर काम संपल्यावर गुजरातेत एका बंदरावर गेला. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. इथल्या क्रेनवर के आणि टी अशी दोन अक्षरं आहेत, म्हणाला, आणि आकडा बावीस दाखवतोय. मी सांगितलं की ते नॉट आहेत, एक नॉट म्हणजे पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्त, म्हणजे तुमचे चाळीस झाले.

“मुझे भी यही लगा,” तो म्हणाला. “यहाँ का साहब बोला बाईस में क्या होता है, चलाओ.”

“मग?”

“फिर क्या मैडम. मैं उतर गया. नीचे से ही फोन कर रहा हूँ.”