गाडीमागच्या दोन सायकली

मेहकरात सायकल चालवणाऱ्या बायका नाहीत असं नाही. शाळेला जाणाऱ्या मुली, अंगणवाडीच्या सेविका, बाजारातून भाजी आणणाऱ्या बायका, सगळ्या चालवतात. पण त्यांना कुठेतरी पोचायचं असतं. पन्नाशी ओलांडलेल्या दोघींनी बूट आणि हेल्मेट घालून, कुठेही पोचायचं नसताना सायकल चालवणं ही निराळी गोष्ट होती. माझ्या बाबतीत लोकांनी ती खपवून घेतली. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते, एकटी राहते. अशा बाईकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवत नाही.

माझ्या मैत्रिणीचं तसं नव्हतं. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो आणि तेव्हा ती माझ्यापेक्षा चांगली सायकल चालवायची. पुढे ती मोठ्या शेतीवाल्या घराची सून झाली. नवऱ्याचं मेहकरात बी-बियाण्यांचं दुकान. सामाईक शेती वडनेर भोलजीला, ती थोरले दीर पाहत. इकडे त्यांना भासरे म्हणतात. भासऱ्यांसमोर ती डोक्यावर पदर घेई, खुर्चीवर बसत नसे आणि त्यांच्याशी थेट बोलत नसे. त्यांना चहा हवा असला तर ते तिच्या नवऱ्याला विचारत. चहात साखर किती, हे ती नवऱ्याला विचारी. तिघंही एकाच खोलीत असत. तिसरं माणूस नसलं तर दोघंही गप्प राहत. लग्नापासून हे असंच चाललं होतं आणि यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं.

तिला सायकल तिच्या नवऱ्यानंच, म्हणजे भाऊजींनीच, आणून दिली. डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं, तिनं सायकल मागितली. भाऊजींची एकच अट होती, की गावात चालवायची नाही. म्हणून रॅकची गरज पडली. सायकली गाडीच्या मागे टांगायच्या, गावाबाहेर जायचं, कोणी ओळखत नाही अशा रस्त्यावर उतरवायच्या.

रॅक निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण माहिती गोळा करून पडताळण्याची मला सवय होती. भाऊजींची गाडी मोठी, पांढरी, मागच्या दारावर स्टेपनी असलेली. टपावरचा रॅक सर्वांत भक्कम, असं सगळे सांगत होते. पण सायकल डोक्याच्या वर उचलून तिथं चढवायला पुरुष माणूस हवं होतं, आणि पुरुष माणूस बरोबर न्यायचं तर एवढा खटाटोप कशाला. गाडीच्या खाली लोखंडी हूक बसवून त्यावर उभा राहणारा एक प्रकार होता. त्याचं नाव काढताच भाऊजींनी हात जोडले. गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं, तिच्या बुडाला ड्रिल लावणं त्यांना पाहवलं नसतं. पट्ट्यांनी दाराला आवळायचा रॅक हलका होता, पण त्याच्या पट्ट्यांच्या मध्ये स्टेपनी येत होती. शेवटी स्टेपनीलाच धरून बसणारा घेतला. त्याचे दोन हात मागे बाहेर येत आणि सायकलीचा दांडा त्यांच्यावर टेके.

तो बसवायला आम्ही तिघं खामगावला गेलो. गाड्यांना सीट कव्हर घालणाऱ्या माणसानं खोका उघडला आणि आतला सांगाडा उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, हे फवाऱ्याचे पंप टांगाले हाय का?"

"सायकली टांगायला," मी म्हणाले.

"सायकल गाडीवर बसवता? मंग सायकलवर कोन बसते?"

"बसव भाऊ," भाऊजी म्हणाले. "आमच्या घरी गाडीच सायकलले फिरवते."

तिच्या सायकलीचा मधला दांडा उतरता होता, त्यामुळे ती रॅकवर तिरपी लोंबायची. सीट आणि हँडल यांच्यामध्ये लावायची एक सुटी आडवी नळी मिळते, ती घ्यावी लागली. सगळं बसल्यावर मैत्रिणीनं रॅकला दोन्ही हातांनी लटकून पाहिलं. गाडी किंचित हलली, रॅक हलला नाही.

"मजबूत हाय," ती म्हणाली. "माह्यापेक्षा."

परतताना गाडीतच तिनं लोणारचं ठरवलं. मेहकराहून लोणार, सगळं अंतर सायकलनं. आणि निघायचं तिच्या घरून, पुढच्या दारातून. त्या दिवशी रॅक लागणार नव्हता. भाऊजींनी मागाहून रिकामी गाडी घेऊन लोणारला यायचं, एवढंच.

"आणि तुझे भासरे?" मी विचारलं.

"त्याहिले मी सांगीन."

"तू?"

"मी सोता. ह्यांच्या तोंडून नाही. लोणारच्या आधी सांगीन, पाहाय तू."

भाऊजी गाडी चालवत होते. ते हसले आणि म्हणाले, "हाव, सांगन ते. लय धीट हाय." त्यांचा विरोध नव्हता, हे मी तेव्हा ऐकलं आहे.

रॅक वापरायला शिकण्यात पावसाळ्यानंतरचे दिवस गेले. दोन्ही सायकली एका दिशेनं टांगल्या की हँडलं एकमेकांत अडकत, म्हणून एक उलटी टांगायची. एकीचं पेडल दुसरीच्या रंगावर घासे, म्हणून मध्ये गोधडीचा तुकडा. पुढचं चाक दोरीनं बांधलं नाही तर वळणावर ते आपोआप फिरतं. एकदा माझ्या सायकलीचा टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर आला आणि हात लावता येईना इतका तापला. तेव्हापासून माझी जरा वर उचलून बांधायची. सायकली बांधायचे पट्टे घरी कितीही आवळले तरी पहिल्या गतिरोधकानंतर उतरून पुन्हा ओढायचे, हा नियम तिनं घातला आणि तीच पाळायची. सायकलींमुळे नंबरप्लेट झाकते, म्हणून भाऊजींनी दुसरी करून खाली लटकवली. मागच्या काचेवर घराण्याचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. तेही झाकलं जाई. त्याची तिला हरकत नव्हती.

ती चांगली चालवायची. चढावर ती पुढे जाई आणि वर थांबून माझी वाट पाही. एका वावराच्या बांधावरून एक म्हातारा ओरडला होता, "काय वं बायांनो, गाडीतलं डिझल सरलं का?" तिनं सायकल न थांबवता उत्तर दिलं, "नाही बाबा, पायातलं उरलं!" घरी ती असं बोलत नसे.

लोणारला जायचा रविवार ठरला. त्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही हिवरा आश्रमाच्या बाजूला गेलो. गाडी मी चालवत आणली होती, ती निंबाखाली लावली, सायकली उतरवल्या आणि आतल्या रस्त्याला लागलो. त्या दिवशी आश्रमात पंगत होती आणि गावोगावची माणसं येणार होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण पंगत दुपारची, आणि आम्ही सकाळीच परतणार होतो.

परत आलो तेव्हा गाडीपाशी एक जीप उभी होती. आत आणि बाहेर माणसं. गाडीच्या मागच्या काचेसमोर, हात मागे बांधून, तिचे भासरे उभे होते. सायकली रॅकवर नव्हत्या, त्यामुळे काचेवरचं नाव उघडं पडलं होतं. भाऊ इथंच कुठे असेल म्हणून ते थांबले होते.

तिनं ब्रेक दाबले. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर. तिचा हात खांद्याकडे गेला. तिथं पदर नव्हता. मग तो हात डोक्याकडे गेला आणि हेल्मेटवर थांबला. डोकं झाकलेलंच होतं. तिनं हेल्मेट पुढे ओढलं, डोळ्यांपर्यंत.

भासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "बाई, गाडी कोनं आनली?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं सांगायचं ठरवलेलं होतं. माणूस समोर होता, सायकल तिच्या हातात होती, आणि दुसरं काही सांगण्यासारखं उरलेलंही नव्हतं. ती सायकलवरून उतरली, एक पाऊल मागे सरकली आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

"सांग त्याहिले. दोन्ही सायकली तुह्या हायेत. मी दर्शनाले आलती, तू धराले लावली."

मी तिला पुन्हा एकदा वेळ दिला. ती जमिनीकडे पाहत होती. मग मी ते वाक्य पुढे दिलं, जसं मिळालं तसं. "ती म्हणते, दोन्ही सायकली माझ्या आहेत. ती दर्शनाला आली होती, मी तिला धरायला लावली." नोकरीत आयुष्यभर हेच केलं होतं. ज्याचं विधान, त्याच्या नावावर.

भासऱ्यांना 'ती म्हणते' ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल तर त्यांनी ते सोडून दिलं.

"एका बाईले दोन सायकली कायले लागतात?"

ती पुन्हा कुजबुजली, "सांग, एक पंक्चर झाली तर." हे मी पुढे दिलं नाही.

जीपमधून कोणीतरी म्हणालं, "एक स्टेपनी असन बे!" माणसं हसली. भासरे हसले नाहीत. त्यांनी दोघांना खाली उतरवलं आणि सायकली गाडीला टांगायला सांगितलं. त्या माणसांनी दोन्ही एकाच दिशेनं टांगल्या, गोधडी न घालता. तिला ते दिसत होतं. 

आम्ही गाडीत बसून निघालो. गतिरोधक आला, गेला. पट्टे पाहायला ती उतरली नाही. मेहकर जवळ आल्यावर म्हणाली, "'ती म्हणते' काऊन लावलं तू?"

"तू म्हणालीस म्हणून."

"मान्सं होती वं तिथं. आज नाही जमलं. लोणारच्या आधी सांगीन."

मी विश्वास ठेवला. रविवारच्या आधी अजून दिवस होते.

शनिवारी दुपारी गाडी माझ्या घरासमोर थांबली. मागे दोन्ही सायकली होत्या. भाऊजी उतरले, पट्टे सोडले आणि दोन्ही सायकली माझ्या अंगणात आणून भिंतीला लावल्या. तिची आधी.

"ताई, या तुमच्या सायकली. दादाचा फोन होता."

"भाऊजी, ही तुम्ही आणलीत. दुकानातून, तुमच्या हातानं."

"हाव. पन आता तसं म्हनता येत नाही नं." ते रागावलेले नव्हते. त्यांना लवकर निघायचं होतं. "घरी तिनं सांगतलं, तुमीच लय मागं लागल्या होत्या म्हने. दादाले बी तसंच सांगतलं म्या. आता विषय वाढवू नका."

"आणि रॅक?"

"रॅक राहू द्या. पंप टांगाले कामी येते."

ती पुढच्या सीटवर बसली होती. काच वर होती, पदर डोक्यावर होता. मी तिच्या बाजूला गेले. तिनं काच अर्धी खाली केली. मी म्हणाले, "मी तुझ्या मागे लागले होते, असं तू सांगितलंस?"

आमच्या दोघींत हातभर अंतर होतं. तिनं मान वळवली, पलीकडे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाली,

"तिले म्हना, जाऊ दे आता."

भाऊजींनी निरोप दिला. "ताई, ते म्हनते, जाऊ द्या."

काच वर गेली.

रविवारी मी लोणारला गेले नाही. नंतरही गेले नाही. एकटीनं जाता येत नाही असं नाही. रस्ता तोच आहे. बाजारात ती कधी दिसते, नवऱ्याबरोबर किंवा नणंदेबरोबर. मान हलवते. मीही हलवते. लोक मला विचारतात, दोन सायकली कशाला ठेवल्या, आणि मी काही उत्तर देत नाही, कारण खरं उत्तर दिलं तर ती खोटी ठरते आणि खोटं दिलं तर मी.

उन्हाळ्यात एकदा तिचा फोन आला. आवाज नेहमीचा होता, जणू कालच भेटलो होतो. तब्येत विचारली, पाण्याचं विचारलं. मग म्हणाली,

"तिच्यात हवा भरत जाशीन का? नाही त टायर रिंगवर बसून खराब होते."

"कोणाच्यात?"

"सायकलीत."

"कोणत्या?"

ती थांबली. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली, कोणीतरी तिला हाक मारली. मी वाट पाहिली. तिला एकच शब्द बोलायचा होता, आणि यावेळी ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"बरं, ठेवते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.