अॅम्प्लिफायरची रविवारची सुट्टी

मी घरी बनवलेला व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आठवड्यातून एकच दिवस नीट चालायचा, रविवारी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अख्खं बंगळूर सीडी प्लेयर घेत होतं आणि मी जुन्या रेडिओंतले व्हॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारख्या काचेच्या नळ्या, जमवून आमच्या जेवायच्या टेबलावर अॅम्प्लिफायर उभा करत होतो. (टेबल एकच! आठ महिने आम्ही खाली बसून जेवत होतो. पाठीला चांगलं असतं, असं मी बायकोला, सुधाला, पटवत होतो.) आवाज सुरेख लागायचा, पण बायस टिकेना. बायस म्हणजे व्हॉल्व्हमधून किती प्रवाह जाऊ द्यायचा हे ठरवणारा विजेचा दाब. सकाळी तो लावून, यंत्र चालूच ठेवून मी यशवंतपूरच्या कारखान्यात जायचो. (दिवसभर तापलं की स्थिरावतं म्हणे!) संध्याकाळी येऊन बघावं तर मीटरचा काटा भलतीकडेच आणि व्हॉल्व्ह रागाने लाल!

कपॅसिटर बदलले. रेझिस्टर बदलले. सगळं सोल्डरिंग तीनदा उपटून पुन्हा केलं. काटा हलतोच! रविवारी मात्र खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी.

"अहो, या रविवारपर्यंत झालं तर झालं," सुधाने बजावलं. "नाहीतर हा डबा माळ्यावर आणि टेबल माझं!"

मी धावत पलीकडच्या गल्लीतल्या मूर्ती अण्णांना गाठलं. उभा जन्म रेडिओ दुरुस्तीत घालवलेला माणूस. रविवारी सकाळी येऊन ते दोन तास मीटर लावून बसले.

"सरी इदे, ठीक आहे," ते म्हणाले. "काही बिघाड नाही."

"अण्णा, बिघाड सोमवार ते शनिवार असतो!"

अण्णांनी अॅम्प्लिफायर सोडला आणि मला तपासायला सुरुवात केली.

तेवढ्यात सुधाने इडल्या आणल्या. चौथ्या इडलीला अण्णा थबकले. "अक्का, या थंडीत आमच्याकडे पीठ फुगतच नाही. तुमची इडली इतकी मऊ कशी?"

"सोपं आहे, अण्णा! हे कामावर गेले की पातेलं यांच्या मशीनवर ठेवते. छान ऊब असते. चटका बसू नये म्हणून खाली टॉवेलची जाड घडी. हे यायच्या आत उचलते, उगाच ओरडतात."

"आणि रविवारी?"

"रविवारी हे घरातच असतात ना!"

हवा जायची सगळी भोकं टॉवेलखाली! आत व्हॉल्व्ह उकडून निघत होते आणि मी रेझिस्टरना शिव्या देत होतो!

"आजपासून पातेलं बंद!" मी गरजलो.

सोमवारी काटा हलला नाही. मंगळवारीही नाही. मी जिंकलो होतो! बुधवारी ताटात इडली पडली, तिचा आवाज झाला.

"तुम्ही तुमचा बायस सांभाळा," सुधा गोड आवाजात म्हणाली. "मी संध्याकाळी माळा झाडून ठेवते."

मी कसाबसा घास गिळला. "सुधा, ते पातेलं... स्वल्प वेळ ठेवलंस तर चालेल."

गुरुवारी संध्याकाळी दारात मूर्ती अण्णा. मला गहिवरून आलं. "अण्णा, बायस बघायला आलात?"

"बायस राहू दे हो," म्हणत अण्णांनी शालीखालून झाकलेलं पातेलं काढलं. "आमच्या हिचं पीठ आहे. उद्या जागा आहे का?"

मी पातेलं हातात घेतलं. माझ्या अॅम्प्लिफायरची टेबलावरची जागा त्या दिवशी कायमची पक्की झाली. त्यावर गाणं कसं लागतं, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही!