पडीक समुद्राची पापलेटं

आमच्या सातपाटीच्या मासळीबाजारात किश्श्यांना बर्फ लागत नाही. कितीही साठवा, ताजेच राहतात!

मी शाळेत गेले नाही. दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं जमवली. आता दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की सगळ्या जणींना पेपर मीच वाचून दाखवते. चष्मा नसला की चुकते. म्हणून वाचू नये की काय?

एकदा वाचलं, "इलेक्ट्रिक गाड्यांसाठी समुद्रात खाणं."

माझ्या शेजारी बसणारी मथुरा म्हणाली, "अगो, गाडीपण म्हावरं खाते?"

चष्मा लावला, तर 'खाण'! बॅटरीला लागणाऱ्या धातूंचे बटाट्याएवढे दगड खोल समुद्रातून उपसायचे म्हणे.

मथुरा म्हणाली, "मंग तू पयलं वाचलंस तेच बरोबर!"

बातमी आतल्या पानावर, दोन बोटांची. पहिलं अख्खं पान त्याच गाडीच्या जाहिरातीचं, हिरव्यागार झाडाखाली उभी! आणि बातमीच्या शेवटी काय? 'समुद्राचा तळ पडीक असल्याने फारसं नुकसान नाही.'

"पडीक?" मथुरा कडाडली. "यांच्या बापानं नांगरून बगितला व्हता?"

मग एक चॅनेलवाली पोरगी आली. "आजी, पर्यावरणाबद्दल जरा उदास होऊन बोला ना."

म्हटलं, "उदास मासळी शिळी असते, बाय. मी रागावलेय, ते घे!"

घेतलं तिनं. टीव्हीवर मी तावातावानं हात नाचवतेय, आणि माझ्या बोलण्याच्या जागी आवाज उदास बासरीचा!

शेवटी आम्ही पत्र लिहिलं. 'तळ ढवळलात तर गाळ हद्द बघून थांबत नाही. म्हावरं मेलं तर आम्ही मेलो. समुद्र पडीक नाही, एवढं छापा.' पत्र घेऊन मी स्वतः पालघरला पेपरच्या ऑफिसात गेले.

संपादक म्हणाले, "आजी, ती खाण लांबच्या समुद्रात. तुमचा काय संबंध?"

"पाण्याला कुंपण घातलंत का?"

"पण पेपरात जागा नाही हो."

"पयल्या पानावर गाडी उभी केलीत, ती जरा बाजूला घ्या!"

पत्र काही छापलं नाही.

रविवारी तेच संपादक पिशवी घेऊन बाजारात हजर. घरी पाहुणे यायचे होते. मथुराच्या टोपलीत तळहाताएवढी ताजी पापलेटं.

"चार मोठी दे गं."

मथुरानं टोपलीवर ओलं फडकं ओढलं. "पापलेट कुठलं, सायेब? समुद्र पडीक हाय. तुमच्याच पेपरात आलंय."

"अगं, मग या टोपलीत काय आहे?"

"बटाटे!"