तीन कारणं

माझा राग नाकावर असतो. त्यामुळे लेकीनं वर्गातल्या मुलीला स्टीलची बाटली हाणली, असा शाळेतून फोन आला, तेव्हा पहिला विचार आला तो असा की समोरचीनंच काहीतरी केलं असणार. स्कूटी काढली, सात रस्ता चौकात एका रिक्षावाल्याशी भांडले आणि शाळेत पोचले.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत माझी लेक भिंतीला टेकून उभी होती. बाकावर ती मुलगी, शेजारी तिची आई. भुवईवर पट्टी. तीन टाके पडले होते.

"उद्या वर्गासमोर माफी मागायची," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "नाहीतर दाखला घेऊन जा. नववीचं वर्ष आहे, मलाही बरं वाटत नाही."

"ती माझ्याकडे बघून हसली," लेक म्हणाली. "गणितात मला नऊ पडले म्हणून."

"मी हिच्याकडे बघतसुद्धा नव्हते हो," ती मुलगी रडत म्हणाली.

शाळेत दर गुरुवारी मुलांशी बोलायला एक बाई येतात. त्यांनी आम्हा मायलेकींना शेजारच्या खोलीत नेलं आणि पुढ्यात कोरा कागद ठेवला. "ती हसली, त्याची आणखी तीन कारणं लिही. खरी नसली तरी चालतील. आईंनी मदत केली तरी हरकत नाही."

लेकीनं पेनाला हात लावला नाही. म्हटलं, आण इकडं. वीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी केलीय मी, दुनियेच्या पत्रांना उत्तरं दिलीत. पेन हातात घेतलं आणि अहो, एक कारण सुचेना! बाकावरच्या शेजारणीनं काही सांगितलं असेल, स्वतःचेच मार्क बघून हसली असेल, हे आज धडाधड सांगेन. तेव्हा मला फक्त माझ्या पोरीला हसणारी ती पोर दिसत होती. कागद कोराच परत सरकवला.

"सगळे तुझ्यावरच हसतात, असं कधीपासून वाटतं?" बाईंनी विचारलं. लेक त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली.

मला कळलं ती काय बघतेय. चार वर्षांपूर्वी मोहोळला मोठ्या जाऊबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका ओळीनं बसलेल्या. जाऊबाई कुंकू लावत लावत माझ्यापर्यंत आल्या आणि मला टाळून थेट पुढचीला लावलं. लावता लावता हसल्याही. मी वाण न घेता उठले. पोरगी तेव्हा दहा वर्षांची. परतीच्या एसटीत सोलापूर येईपर्यंत मी तिला एकच सांगत होते, "हसून अपमान करणारी माणसं ओळखायला शीक. आणि ऐकून घ्यायचं नाही." जाऊबाईंना मी आजतागायत विचारलेलं नाही की बाई, तुम्ही मला खरंच टाळलंत का? गर्दी होती. घरात बारकी पोरं ओरडत होती. चुकलं असेल. पण चार वर्षं आमचं बोलणं बंद आहे, ते मीच केलंय.

रात्री जेवताना नवरा लेकीला म्हणाला, "माफी मागितली म्हणून जीब झडती व्हय? दोन शब्द तर हायेत."

"आईनं मोठ्या काकूला फोन करावा," ती म्हणाली. "मग मी उद्या मागते."

नवऱ्यानं भाकरी मोडायची थांबवली. "कर की गं. लई सोपं केलं तिनं."

सोपं! फोन ओट्यावरच होता. नंबर मला पाठ आहे. पण मी फोन केला आणि त्या म्हणाल्या, आज बरी आठवण झाली, तर? किंवा हसल्याच, तर? मी उठून भांडी घासायला घेतली. इतकी जोरात घासली की नवरा बाहेर निघून गेला. लेक बराच वेळ दारात उभी होती. तिला त्या रात्री माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती आणि ती मला देता आली नाही. लाज वाटते लिहिताना, पण तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी दाखला घेतला. मैदान ओलांडून आम्ही फाटकाशी आलो, तेव्हा वरच्या गॅलरीत ती पट्टीवाली मुलगी दिसली. तिनं आमच्याकडे बघून हात हलवला.

"बघितलंस?" लेक म्हणाली. "खिजवतीये."

नाही गं, अच्छा करत असेल ती, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मलाही ती खिजवतानाच दिसत होती.