खांबावरची खडूची रेघ

दोन फेब्रुवारी, सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं. आर्लीन केमरर सिंकपाशी बटाटे सोलते आहे. नजर मात्र खिडकीबाहेर, अवजारांच्या खोपटाखालच्या बिळावर. पेनसिल्व्हेनियातल्या या खोऱ्यात आज सगळ्यांनाच ग्राउंडहॉगची, म्हणजे हिवाळाभर बिळात झोपणाऱ्या लठ्ठ खारीसारख्या प्राण्याची, खबर हवी असते. बिळाबाहेर त्याला स्वतःची सावली दिसली तर आणखी सहा आठवडे थंडी, नाही दिसली तर वसंत दाराशी.

आर्लीन एकाहत्तर वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली त्या हिवाळ्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती या बिळाच्या नोंदी ठेवते. वहीत तारीख, वेळ, आभाळ. अनुमान लिहीत नाही.

साडेसातला धाकटा भाऊ मर्लिन आला. त्याच्याकडे चाळीस गाई. घोडेवाल्या एका माणसाला त्याचं दोन ट्रॉली गवत हवं होतं आणि तो दहाला येणार होता.

"ढग आलेत. सावली नाही. देऊन टाकतो," मर्लिन म्हणाला.

"आधी बूट पूस."

मग तिनं त्याला खिडकीशी बोलावलं. बर्फावर पावलांचे ठसे होते, ओढ्याकडून खोपटापर्यंत आणि परत ओढ्याकडे.

"काल दुपारी दोन-वीसला आला होता. नर आहे. खोपटाखाली मादी झोपलीय, तिची चौकशी करून गेला. तुझ्या गाईंचं त्याला काही पडलेलं नाही, बाबा."

"काल तर लख्ख ऊन होतं."

"होतं ना. मग कालची सावली धरायची की आजचे ढग?"

मर्लिननं लॉजच्या, म्हणजे गावातल्या ग्राउंडहॉग मंडळाच्या, मेजवानीचा विषय काढला. तिथे टोप्या घातलेली मंडळी दरवर्षी ग्राउंडहॉगच्या नावानं भाकीत वाचतात. आर्लीन म्हणाली, तिथे मीही जाते, डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी फार चांगला असतो, पण गवताचा सल्ला मी तिथे विचारत नाही.

तिनं वही उघडली. अकरा वर्षांत मादी झोप संपवून बाहेर आली ती सव्वीस फेब्रुवारी ते एकोणीस मार्चच्या दरम्यान. दोन फेब्रुवारीच्या ढगांचा त्याच्याशी काही मेळ नव्हता. मग ती कोट चढवून त्याच्यासोबत गवताच्या कोठारात गेली.

वडिलांनी मधल्या खांबावर खडूनं रेघ मारून ठेवली आहे. दरवर्षी आर्लीन ती पुन्हा गिरवते. आजच्या दिवशी निम्मं सरपण आणि निम्मं गवत शिल्लक हवं, ही इथली जुनी म्हण, आणि ती रेघ म्हणजे निम्मं. गवत रेघेच्या दोन वीत खाली होतं.

मर्लिननं रेघेपासून गवतापर्यंत वीत टाकून पाहिली.

"डॅडींनी रेघ जरा वरच मारलीय," तो म्हणाला.

"चाळीस हिवाळ्यांत त्यांची एकही गाय उपाशी राहिली नाही."

त्यानं तिथूनच घोडेवाल्याला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं. आर्लीननं खिशातला खडू काढून रेघ गिरवली.

उद्या सूर्य सात वाजून आठ मिनिटांनी उगवेल. त्याच्या अठरा मिनिटं आधी ती खिडकीशी असेल.